ब्रेकडाउन : अर्थ आणि अंमलबजावणी

कोणतेही कार्यालय चालते ते एका शब्दाला एकच अर्थ असतो या विश्वासावर. आमच्या कंपनीत ‘ब्रेकडाउन’ या शब्दाला तीन अर्थ होते, तरीही कंपनी चालली होती. याचे कारण एवढेच की ते तिन्ही वेगवेगळ्या मजल्यांवर राहत.

आम्ही कपडे धुण्याची मशिने विकतो. तळमजल्यावर ब्रेकडाउन म्हणजे ग्राहकाचे मशिन बंद पडणे. पहिल्या मजल्यावरच्या हिशेबनिसांच्या लेखी ब्रेकडाउन म्हणजे खर्चाची फोड (तीही बहुधा बंद पडलेलीच असे). सर्वांत वरच्या मजल्यावरचा तिसरा अर्थ मनाशी संबंधित असून तो वरिष्ठांच्या नातेवाइकांपुरता राखीव होता. साहेबांच्या मेहुण्याला तो झाला होता. त्यानंतर मेहुणे समुद्रकिनारी राहायला गेले आणि अंगाने दुप्पट होऊन परतले.

या सुरळीत व्यवस्थेत घोळ झाला तो तक्रार कक्षातल्या ताईंमुळे. ताई दिवसभर फोन घेत आणि ग्राहकांच्या शिव्या ऐकून शेवटी त्यांचे आभार मानत. एका दुपारी एका गृहस्थांचे बोलणे ऐकता ऐकता त्यांनी रिसीव्हर हळूच टेबलावर ठेवला आणि त्या रडू लागल्या. आवाज नाही, काही नाही. नुसते पाणी. गृहस्थ पलीकडे बराच वेळ बोलतच होते.

ताईंना घरी पोहोचवण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. ताईला ब्रेकडाउन झालाय असे डॉक्टर म्हणतात, आता काय करायचे ते कंपनीने सांगावे, असे तो म्हणाला. आमचा ऑपरेटर कर्तव्यदक्ष. त्याने पत्ता विचारला, घरी कोण असेल ते विचारले आणि माणूस पाठवतो म्हणून सांगितले.

संध्याकाळच्या आत मेकॅनिक दारात हजर. डॉक्टरच्या हातात पाना कसा, याचे भावाला जरा नवल वाटले. पण कंपनीचा डॉक्टर म्हटल्यावर त्याने फारशी अपेक्षा ठेवलीच नव्हती. वहिनीने मेकॅनिकला आत नेले. ताई पलंगावर भिंतीकडे बघत बसल्या होत्या. मेकॅनिकने आधी मोरीत डोकावून पाहिले, मग पलंगाखाली. मशिन कुठेच नव्हते. मात्र प्रश्न विचारल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्याने स्टूल ओढले.

गळती आहे का, असे त्याने विचारले. वहिनी म्हणाली, थांबतच नाही. मध्येच थरथर होते का? होते, विशेषतः फोन वाजला की.

“लोड किती टाकता?” त्याने विचारले.

ताईंनी मान वळवली. “तिघींचा,” त्या म्हणाल्या. “दोघी सोडून गेल्या. त्यांच्या जागा भरल्याच नाहीत.”

कालपासून त्या बोलल्या ते हेच पहिले. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. मेकॅनिकने पाना पिशवीत टाकला आणि शेरा लिहिला : ‘यंत्र उत्तम. लोड तिप्पट. महिनाभर पूर्ण बंद ठेवावे. नंतर एकपट लोडवरच चालवावे, अन्यथा कंपनी जबाबदार नाही.’

मेकॅनिकचा शेरा आमच्याकडे अंतिम असतो. साहेबांनासुद्धा तो खोडता येत नाही. त्यामुळे निरुपाय होऊन ताईंना महिन्याची रजा मिळाली आणि दोन नव्या मुली कक्षात आल्या. ताई परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग होता. त्या चक्क डबा खाऊ लागल्या (पूर्वी त्या तो फक्त आणत असत). पहिल्या मजल्याने या ब्रेकडाउनचा ब्रेकडाउन मागवला, तो देण्यात आला. सगळे कसे छान चालले होते.

चांगल्या गोष्टीचा बभ्रा होतोच. आठवड्याभरात ड्रायव्हरने आपल्यातून जळका वास येत असल्याची तक्रार नोंदवली. हिशेबनीस म्हणाले, माझे फिरणे चालू आहे पण आत काही धुतले जात नाही. मेकॅनिक सगळ्यांकडे गेला, स्टूल ओढून बसला आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने ‘लोड तिप्पट’ लिहिले.

मग साहेबांनी सभा घेतली. त्यांचे ते भाषण मी विसरणार नाही. माणसाच्या डोळ्यांतल्या पाण्याला गळती म्हणणे, त्याच्या श्रमांना लोड म्हणणे ही माणुसकीची विटंबना आहे, असे ते म्हणाले. “माझा एकही कर्मचारी यंत्र नाही,” ते म्हणाले, “आणि मी असेपर्यंत त्याला कोणी यंत्रासारखं वागवणार नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्रायव्हर तर रडलाच.

सभेनंतर लगेच आदेश निघाला. माणूस यंत्र नसल्यामुळे बंद ठेवणे, लोड कमी करणे, दुरुस्ती करणे इत्यादी यंत्रांच्या सवलती त्यास लागू नाहीत. मेकॅनिकने यापुढे फक्त वायर असलेल्या वस्तूंनाच हात लावावा. नव्या दोन मुलींना दुसऱ्या शाखेत पाठवण्यात आले. आदेशाची प्रत ताईंना द्यायला मीच गेलो होतो. त्यांनी ती नीट वाचली.

“म्हणजे मी आता परत माणूस?” त्यांनी विचारले.

मी त्यांचे अभिनंदन केले. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून पुढचे बोलणे राहून गेले.

तो फोन तुमचाच होता. बराच वेळ लाइनच न लागल्याने तुम्ही आधीच तापला होतात, आणि समोरून इतका शांत आवाज आला की तुम्हाला शंका आली. ‘हे रेकॉर्डिंग आहे, की खरंच माणूस बोलतंय?’ तुम्ही विचारलेत. ताई म्हणाल्या, माणूस. एवढी खात्री पटल्यावर मग तुम्ही ओरडायला सुरुवात केलीत.