अकरा संचालक आणि एक वांगं

शामराव मास्तर कोणतीही गोष्ट एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठ्याच्या नखाशेजारी धरून बघतात. गणपतीची मूर्ती असो, एसटी असो, नाहीतर भाच्यासाठी बघितलेली मुलगी. "नखावर ओळखू आलं तं चित्र, नाई तं चिखल!" त्या मुलीच्या बापाने या अंगठ्याचा काय अर्थ घेतला देव जाणे, पाहुण्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

मास्तर जानेफळचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि माझ्या बोकांडी बसले. मेहकरात माझं वेबसाइट बनवायचं दुकान आहे. एकदा सहज आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "पोरी, हे वर ज्वारीच्या दाण्याएवढं काय व्हय?" मी सांगितलं, वेबसाइट उघडली की वरच्या टॅबवर नावाशेजारी तिचं चिन्ह येतं, त्याच्याकडे कोणी बघत नाही. "म्हनजे तू बघत नाईस," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली, ती अजून सोडलेली नाही.

तेव्हापासून ती चिन्हं मास्तर करतात. फोटोची फाईल आली की चौकोनी कापायची, मागचं सगळं पुसायचं, लहान करायची. मग खुर्ची मागे सारत सारत हा माणूस थेट रस्त्यावर जातो आणि तिथून ओरडतो, "चिखल! पुन्हा!" की परत एकेक ठिपका हाताने रंगवणं सुरू. अख्खी वेबसाइट तयार होऊन बसलेली असते आणि गिऱ्हाईक दाण्यासाठी खोळंबलेलं असतं. मी किती वेळा डोकं आपटून घेतलं असेल!

अशात जानेफळच्या भाजीपाला गटाचं काम आलं. गटात निम्म्याहून जास्त बाया. रोज सकाळी त्यांनी गटाच्या ऑफिसात यायचं, कम्प्युटरवर वेबसाइट उघडायची आणि शहरातून कोणती भाजी मागितली आहे ते पाहायचं, असं ठरलं होतं. अध्यक्ष भगवानरावांनी चिन्हासाठी फाईल पाठवली. ती होती त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची! मध्ये फेटा बांधून, गॉगल लावून स्वतः अध्यक्ष, भोवती हात जोडलेले दहा संचालक. आमच्याकडे फ्लेक्सवरून एखादा चेहरा गळला तर माणूस लग्नाला येणं बंद करतो, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

मास्तर कसले गप्प बसतात! सगळ्या संचालकांना दुकानात बोलावून त्यांच्यासमोर फाईल लहान केली.

"हे गुलाबी काय व्हय?" भगवानरावांनी विचारलं.

"तुमचा फेटा."

"अन् मी कुठी हावो?" मागून उपाध्यक्ष.

"तुमी अन् खजिनदार एकाच ठिपक्यात."

भगवानराव म्हणाले, मग एकट्या अध्यक्षाचाच फोटो ठेवा. उपाध्यक्ष उसळले, "काऊन? वांगे काय तुमी एकट्यानंच लावले?"

"वांगं!" मास्तरांनी टाळी वाजवली. दोन दिवसांत त्यांनी वांगं केलं. जांभळं, टपोरं, वर हिरवं देठ. रस्त्याच्या पलीकडून ओळखू यावं असं. खरं सांगते, त्या दाण्यावर माझाही जीव जडला.

पण भगवानराव पेटले. "आमच्या तोंडाच्या जागी वांगं? लोकं हासतीन! फोटो लावाचा नसन तं काम दुसऱ्याले देतो."

मी मास्तरांना हात जोडले, "ऐका ना हो! दाण्यापायी एवढं मोठं काम जाईल."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "रोज सकायी त्या बाया याच्यासमोर उभ्या राह्यतीन. त्यायले चिखल दाखवू काय मी?" मी चिडून कम्प्युटरच बंद केला.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. उद्घाटनाला वेबसाइटच्या दोन प्रती उघडायच्या, एकीवर फ्लेक्स, दुसरीवर वांगं. मध्ये इतर चार-दोन वेबसाइट. बायांना जे ओळखू येईल ते ठेवायचं. भगवानरावांनी मिशीला पीळ देऊन होकार दिला.

उद्घाटनाला माऊसला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, भिंतीवरच्या पडद्यावर टॅबची रांग दिसली. "सांगा बायायनो," भगवानराव म्हणाले, "आपलं पान कोनतं?" बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी उठेना.

तेवढ्यात मास्तरांच्या बायको, वच्छलाकाकू, उठल्या. त्याही गटात आहेत. पदर सावरला, सरळ पुढे गेल्या, माऊस धरला आणि वांग्यावर टिचकी मारली. पान उघडलं.

"वा वहिनी! मास्तरीनबाई ना तुमी, लगेच वाचलं," भगवानराव म्हणाले.

"हाव, वाचलं तिनं!" मास्तर घाईघाईने म्हणाले. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काकू वळल्या. "नाई. मले वाचता येत नाई. सही गिरवता येते तेवढी. घरी मोबाइलवर यायनं मले चित्रं करून देले. लेकीच्या पानावर वेनी, भजनाच्या पानावर वाजवाचे टाय. चित्र पाह्यते अन् दाबते."

मागून एक म्हातारी ओरडली, "मले बी येत नाई वो वाचता! मले दाबू दे वांगं!" आणि झाली की रेटारेटी! बाया एकीमागून एक येत होत्या, बरोब्बर वांग्यावर टिचकी मारत होत्या, हसत होत्या. फ्लेक्सकडे एकही गेली नाही. उपाध्यक्षांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी भगवानरावही म्हणाले, "राहू द्या वांगंच. चांगलं दिसून राह्यलं."

जिंकलो होतो आम्ही! मी मास्तरांचं अभिनंदन करायला वळले, तर ते खुर्चीत डोळे पुसत होते. "पोरी, नवीन लग्न होतं तवा मी तिच्या हाती पाटी देली. एक अक्षर चुकलं तं सगळ्या शाळेसमोर ओरडाव तसा ओरडलो. तिनं पाटी ठेवून देली, ती कायमची. लोकायले कयलं तं तिले लाज वाटन म्हनून आजवर झाकत आलो."

पुढे गर्दी जरा ओसरली होती. काकू अजून पडद्यापाशीच होत्या. त्यांनी वांग्याशेजारच्या नावावर बोट ठेवलं आणि भरल्या सभेत हाक मारली, "अवो, इकडे या नं! हे पह्यलं अक्षर कोनतं व्हय?"

मास्तर उठले. काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"भा," ते हळूच म्हणाले. "भाजीतला भा."