देवाच्या भिंतीला टेकलेला बास

माझ्यासारखा साऊंड त्या काळी उत्तर गोव्यात कुणाकडे नव्हता, हे आधीच सांगून टाकतो! पार्से गावात मी बास सोडला की नदीकाठच्या चोपड्याला होडीतला माणूस छातीवर हात ठेवून बसायचा. गोवा राज्य नुकतंच झालेलं, राजभाषा कोकणी की मराठी यावरून घराघरात वाद. पण बास कुठल्याच भाषेत वाजत नाही, म्हणून मला दोन्ही बाजूंची माणसं बोलवायची. विठू ड्रायव्हरनं टेम्पो हाकायचा आणि मी शेजारी बसून त्याला शहाणपण शिकवायचं, असा आमचा संसार!

त्या वर्षी मी कोल्हापूरहून बासच्या दोन नव्या पेट्या आणल्या. एकेक कपाटाएवढी! पहिलंच काम लागलं डिचोलीकडच्या एका गावात, जत्रेच्या नाटकाचं. तिथल्या देवस्थान समितीचे अध्यक्ष यशवंतबाब. आणि यशवंतबाबांची मुलगी सुमंगला. आता पेट्या कुणासाठी आणल्या ते तुम्हाला कळलंच असेल!

सुमंगलेचं आणि माझं आदल्या जत्रेपासून जमलं होतं. तिनं घरी सांगूनही टाकलं होतं. यशवंतबाब म्हणाले होते, "देवाला विचारतो. उजवा प्रसाद झाला तर व्हय, डावा झाला तर नाय. मग रडायचं नाय."

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे भट देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. घर बांधणं, विहीर खणणं, मुलगी देणं, सगळं त्या पाकळीवर! पण आमच्यासाठी कधी विचारणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जत्रेच्या दुपारी पोचलो. ऊन तर मरणाचं! पेट्या तापू नयेत म्हणून मी त्या सावलीत, देवळाच्या भिंतीलाच टेकवल्या.

"भिंतीपासून लांब घे रे," विठू म्हणाला.

"तू टेम्पो बघ!" मी म्हणालो. कॅसेट घातली आणि बटण पिळलं.

धम्म!

भिंत थरारली. माझी छाती फुगली. आता सुमंगला धावत येऊन कौतुक करणार, अशी माझी खात्री! पण देवळातून आले यशवंतबाब. तोंड पार उतरलेलं. एक कदेल ओढून त्या खुर्चीत ते बसले आणि म्हणाले, "कृष्णनाथा, नाय जमायचं रे बाबा. आत्ताच विचारलं देवाला. डावा पडला."

वर्षभर जिच्यासाठी झुरलो ती एका पाकळीत गेली! मी तिथंच वायरच्या भेंडोळ्यावर बसलो. विठू कानाशी येऊन कुजबुजला, "आरे, ही भिंत गाभाऱ्याची! देवाच्या डाव्या अंगाची!"

मी ताडकन उठलो. "यशवंतबाब! तो प्रसाद देवानं दिलेला नाय! माझ्या पेटीनं दिलाय!"

आनंदाच्या भरात बोललो खरा, पण आजूबाजूची माणसं गोळा झाली.

"म्हणजे? देवापेक्षा तुझी पेटी मोठी?"

"तसं नाय... आवाजाला मोठी..."

"धरा रे ह्याला!"

देवळाचे गोपाळभट मध्ये पडले म्हणून वाचलो. "मशीन बंद कर," ते म्हणाले, "परत प्रसाद लावतो."

परत पाकळ्या लागल्या. आता प्रसाद लागला की वाजप बंद, नाटक बंद, खोकणंसुद्धा बंद! ऊन उतरलं. गाव चटया घेऊन नाटकाला आलं आणि गप्प बसलं. नाटकातल्या राजाची मिशी घामानं सुटून पडली, पण पाकळी काही पडेना! लोक माझ्याकडे असे बघायला लागले, की मी टेम्पोची किल्ली विठूकडून हळूच मागून घेतली.

तेवढ्यात सुमंगला मागून आली. "बघत काय बसलायस? पेट्या आहेत ना तुझ्याकडे?"

"अगो, देवाला फसवायचं?"

"दुपारी फसवलासच ना? आता उजव्या बाजूनं फसव. फिटाफिट होईल!"

आम्ही तिघांनी पेट्या गुपचूप उजव्या भिंतीला नेल्या.

"हळू हां," ती म्हणाली.

मी हळूच पिळणार होतो. देवाशपथ! पण घामानं बोटं घसरली आणि बटण गरकन शेवटाला गेलं.

धडाम्!

उजव्या पाकळ्या पडल्या, डाव्या पडल्या, हार पडला, तुळईवरची पाल गोपाळभटांच्या पाठीवर पडली! भट ओरडत बाहेर, त्यांच्यामागे यशवंतबाब.

"भटजी, आधी कुठली पडली?"

"मला काय विचारतोस? माझ्या पाठीवर पाल होती!"

यशवंतबाब भिंतीला वळसा घालून आले. माझा हात अजून बटणावरच! त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला थेट रंगमंचावर नेऊन माईकसमोर उभं केलं.

"देवाला धमकावून होकार घेतोस? आता देवाला नाय विचारायचं. तूच सांग, ह्या सगळ्यांसमोर. माझी मुलगी तुला कशाला हवी?"

पोटात किती होतं सांगण्यासारखं! तिच्याशिवाय जेवण गोड लागत नाही, टेम्पो कुठंही जात असला तरी मन तिच्याच गावाला येतं... मी घसा खाकरला, माईक धरला आणि तोंडातून आलं,

"हॅलो. हॅलो. चेक. वन, टू, थ्री. चेक."

मागच्या चटईवरून कुणीतरी ओरडलं, "मागं ऐकू येत नाय!"

सुमंगला पदर खोचून रंगमंचावर चढली आणि माईक माझ्या हातातून काढून घेतला. "बाबा, त्याचा माझ्यावर जीव आहे, असं म्हणतोय तो! आणि माझाही त्याच्यावर आहे! आलं का मागं ऐकू?"

"आलं!" सगळं गाव ओरडलं.

यशवंतबाबांनी डोळे पुसले आणि ते भटजींना म्हणाले, "मुहूर्त बघ."

लग्न झालं. त्याच देवळात, थाटात झालं. साऊंड तेवढा सासऱ्यांनी म्हापशाहून दुसऱ्याचा आणला!