नथूनानांचे बायकी सवाल

गाडी फलाटाला लागली की आमचे पार्सलबाबू नथूनाना बायकांच्या डब्याकडे धावत. गैरसमज करून घेऊ नका. काळी टोपी कानापर्यंत ओढलेला हा पन्नाशीचा गृहस्थ खिडकीशी उभा राहून कुणातरी अनोळखी बाईला विचारी, "माय, डोकामान्या उवा कसाघाई जातस?"

मी तेव्हा नंदुरबार स्टेशनात तिकिटं देत असे. पहिल्याच दिवशी हा सवाल कानावर पडला आणि वाटलं, या माणसापायी आपल्यालाही मार बसणार. पण मार कधी बसला नाही. बाई आधी दचके, मग पदर सावरून हसे, आणि गाडी सुटेपर्यंत डब्यातल्या चौघीजणी मिळून सहा उपाय सांगत. नाना ते रद्दी पावत्यांच्या पाठीवर टिपून घेत.

त्यांची मुलगी इंदू दीड वर्षाची असताना बायको गेली. दुसरं लग्न केलं नाही. मग पोरीच्या केसांपासून पितळेच्या हंड्यापर्यंत सगळं शिकायचं कुणाकडून? नाना म्हणत, "गाडी शे ना आपली! सूरतपासून भुसावळलगून जितल्या बाया, तितल्या मन्ह्या गुरू."

उपाय हाती आला की आधी स्वतःवर, मग इंदूवर, हा नेम. नवापूरच्या एका बाईने उवांवर सीताफळाच्या बियांची पूड सांगितली, तर दुसऱ्या दिवशी नाना दोन्ही डोळे लालबुंद सुजवून कामावर हजर. "पूड डोयामा गयी," ते म्हणाले, "पन पोरना डोया वाचनात!" आणि वर हसले. मिरचीची पोती उचलून हात पेटले की हमाल पाण्याने धूत बसत. आधी तेल चोळा, मग धुवा, हे नानांनी त्यांना शिकवलं. तेव्हापासून हमाल त्यांना स्टेशनमास्तरापेक्षा जास्त मानत, आणि माझ्या मते बरोबरच होतं.

इंदू लग्नाला आली तेव्हा मात्र नाना खचले. 'आई नसलेली पोर, घरकाम कुणी शिकवलं असेल?' असं म्हणत दोन स्थळं परत गेली होती. तिसरं दोंडाईच्याचं. मुलाला वडील नव्हते, म्हणून त्याची आईच भावाला घेऊन मुलगी बघायला येणार होती. "हाई स्थळ गयं ते पोर मन्हामुळे रही जाई," नाना म्हणाले.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीने यायचे, ते दुपारीच आले. नानांना काय ठाऊक! डब्यातून एक ठसठशीत बाई उतरली आणि नानांनी सवयीने पुढे होऊन विचारलं, "माय, पायन्या भेगा कसाघाई भरतस?"

बाई जागच्या जागी थांबली. "बायास्ना पाय दखाले ठेयेल शे का तुले आठे?"

तासाभराने तीच बाई नानांच्या ओसरीवर बसलेली. नाना खांबाआड. मध्यस्थ म्हणून मी, घामाघूम. बाईंनी नानांना ओळखलं, पण मोर्चा इंदूकडे वळवला. इंदूला विचारलं, "भाजीमा मीठ जास्त पडनं ते काय करशी?"

इंदू तोंड उघडणार तोच खांबाआडून आवाज आला, "कणीकन्या गोया!"

"तांदूयमा किडा व्हयनात ते?"

"निमना पाला!"

"लगीन पोरनं शे का तुमनं?" बाई कडाडल्या.

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. गेलं, तिसरंही गेलं. बाईंनी इंदूला जवळ ओढून तिची वेणी हातात घेतली. पेडाला पेड घट्ट, एक केस सुटा नाही.

"येनी कोनी घाली?"

"बापनी," इंदू खालमानेने म्हणाली.

बाई बराच वेळ ती वेणी तशीच धरून बसल्या. मग खांबाकडे न बघता म्हणाल्या, "राळ आन् तीळनं तेल. तापाडीसन भेगामा भरानं. आठ दिनमा गुन येस."

नाना कागद शोधायला लागले. लग्न ठरलं, हे मलाच त्यांना सांगावं लागलं.

इंदू सासरी गेल्यावर मला वाटलं, आता हा फलाटावरचा उद्योग थांबेल. पण पंधरा दिवसांत तिचं पोस्टकार्ड आलं: 'हळदीचा डाग कसा काढावा?' पुढच्या महिन्यात दुसरं: 'मिठाला पाणी सुटतं, काय करावं?' नाना कार्ड हातात धरून डब्याडब्याला विचारत हिंडत आणि जागा पुरेना इतकं लांब उत्तर लिहीत.

एक दिवस मला राहवलं नाही. "नाना, कापड धुवून उन्हात टाकलं की डाग जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंदूला ठाऊक नाही?"

"शे ना. मीच शिकाडं तिले."

"मग ती विचारते कशाला, आणि तुम्ही हिंडता कशाला?"

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्यांचं डोकं पार पांढरं झालेलं मी तेव्हाच पाहिलं, आणि असला प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली.

"ती मन्हाकरता इचारस," ते म्हणाले. "आनि मी जवाब नही धाडा ते तिले वाटी, बाप एकला पडी गया."