माझ्याकडे चालत होतं

लग्नाला तीन महिने होत आले, तेव्हा गास्पारने गॅलरीतली मांस भाजायची चूल स्वतः दुरुस्त करायचं ठरवलं. गास्पार उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. रविवारी त्याच्या बायकोचे, मायतेचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला येणार होते, आणि तिचे वडील डॉन एदिसन (डॉन म्हणजे तिकडचं 'राव') माणसाची पारख त्याच्या विस्तवावरून करत.

"किती वेळ लागेल?" मायतेने विचारलं.

"दोन तास." (दोन तास म्हणजे नऊ दिवस, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं.)

गुरुवारी तो म्हणाला, "झालं." त्याच्या धंद्यात झालं म्हणजे करून झालं; चालतं की नाही, हा वेगळा विषय. त्याने वर्तमानपत्राचं एक पान जाळलं. धूर शिस्तीत वर गेला. याला चाचणी म्हणतात.

"उद्या लाकडं घालून बघू या?"

"आमच्या धंद्यात शुक्रवारी नवं काही चालू करत नाहीत. बिघडलं तर सुट्टी जाते."

"आणि रविवारी बिघडलं तर?"

"ते सोमवारी बघतात."

रविवारी धूर वर गेलाच नाही. तो पाहुण्यांकडे गेला. मायतेच्या आईने रुमाल नाकाला लावला. डॉन एदिसन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. दुसऱ्याच्या विस्तवाला हात लावायचा नसतो.

"माझ्याकडे चालत होतं," गास्पार डोळे पुसत कंपनीतलं नेहमीचं वाक्य म्हणाला.

"तू राहतोस कुठे, पोरा?"

"इथेच."

मायतेने सॅलड टेबलावर ठेवलं आणि ती ताटं पुसत राहिली. बाबांच्या मनातून उतरलेला माणूस पुन्हा चढल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग गास्पारने चिमटा सासऱ्यांपुढे धरला. "जरा तपासून देता? माझी चूक मला दिसत नाही. आमच्याकडे दुसऱ्याने पाहिल्याशिवाय काम पुरं धरत नाहीत. जे दिसेल ते लिहूनच द्या."

आईचा रुमाल खाली आला. एकतीस वर्षांच्या संसारात तिने एका पुरुषाने दुसऱ्याला चिमटा दिलेला पाहिला नव्हता.

डॉन एदिसन सावकाश उठले. धुराड्यातली झडप जेमतेम एका पानाचा धूर जाईल एवढीच किलकिली होती. त्यांनी ती सताड उघडली. जेवण झाल्यावर पेन्सिल मागून घेतली आणि घरभर फिरले.

पाहुणे गेल्यावर मायतेने कागद उचलला. झडप: पूर्ण उघडी ठेवा. नळ: गळतो. बिजागरी: तेल हवं. जावई: चालेल.

तिने ते दोनदा वाचलं. मग डोळे पुसले (धुराने असेल).

खाली आणखी एक ओळ होती. मायतेचं सॅलड: पुन्हा करावं.