पायाला विचारणारे राव मामा

राव मामा कुठेही गेले की आधी चपला काढतात. देवळात आपणही काढतो. मामा बँकेत काढतात, पोस्टात काढतात, साड्यांच्या दुकानात काढतात. चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या एका काचेच्या आयटी इमारतीत तर त्यांनी चपला सिक्युरिटीवाल्याच्या टेबलावर ठेवल्या आणि त्याच्याकडे टोकन मागितलं. मग लॉबीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, डोळे मिटले, अंगठा पुढे-मागे घासला, टाच दाबली आणि जाहीर केलं, “मुकी आहे.”

मामांच्या लेखी जगात दोनच जातीच्या फरश्या. बोलणारी आणि मुकी. आरशासारखी चकचकीत टाइल म्हणजे मुकी. टाकी लावलेल्या पाट्यासारखी, पायाला जरा खरखर सांगणारी, ती बोलणारी. पटत नसेल तर वाद घालत नाहीत. म्हणतात, “मला नको सांगूं. पायाला विचार.”

त्या लॉबीत मी त्यांना नेलं होतं आणि त्यांचं ‘मुकी आहे’ ऐकून तिथल्या मॅनेजरचा चेहरा पडला तेव्हा हसू मलाच दाबावं लागलं होतं. मी सिव्हिल इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. वडील बार्शीत शहाबादी फरश्या बसवायचे. माझी डिग्री त्यांच्या गुडघ्यांवर झाली; आता त्यांना मांडी घालून बसता येत नाही. मी चेन्नईत एका ऑफिस-सजावटीच्या कंपनीत लागले आणि दोन वर्षांनी मला एकटीच्या जबाबदारीचं पहिलं काम मिळालं. हीच लॉबी. जुनी टाइल काढून नवी साठ पॅनेल्स बसवायची.

आमच्या साहेबांना पुन्हा चकचकीत टाइलच हवी होती. मी त्यांच्याशी भांडून राव मामा हाताने ओततात ती सिमेंटची पॅनेल्स मंजूर करून घेतली. उद्घाटनाची तारीख पत्रिकेवर छापून झाली होती. वेळेत झालं तर पुढचं काम माझं. नाही झालं तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली नकाशे काढत बसायचं, हे साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. मलाही स्वच्छ बोललेलं आवडतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नव्हती.

मामांचं पूर्ण नाव सेतुमाधव राव. तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकताना वाटतं, कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय. प्रश्न विचारायचा असला की शेवटी ‘आ’ लावतात. “जेवलीस आ?” माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटतं. मला ते ‘इंजिनियरम्मा’ म्हणतात. सुरुवातीला मी सुखावले होते. नंतर कळलं, त्या हाकेत थोडी थट्टा आहे. कोवलमच्या वाळूमुळे.

झालं असं, की एका रविवारी मी चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर फिरायला गेले होते. तिथली वाळू हातात घेतली, इतकी बारीक, इतकी सोनेरी, की पिशवीभर घेऊन दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून एन्नोरला मामांच्या शेडवर हजर. म्हटलं, पॅनेलमध्ये घाला, काय रंग येईल. मामांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मलाही चाखायला लावली. खारट. “समुद्राचें मीठ आहे हें. महिन्याभरानें पॅनेलला पांढरें कोड फुटेल. कालेजांत वाळू खायला देत नाहींत आ?” तेव्हापासून शेडवर कुणी नवा माणूस आला की ओळख ठरलेली: या इंजिनियरम्मा, यांनी वाळू खाल्लेली आहे.

मामांची शेड पत्र्याची, मागेच त्यांचं घर. एन्नोरला वीजकेंद्रांची राख उडते. दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत करडे होतात, लोक वैतागतात. मामा म्हणतात, पॅनेलच्या पाठीच्या थराला राखेसारखं दुसरं काही नाही, आणि देव ती घरपोच पाठवतो. त्यांचं काम बघायला सोपं वाटतं. दोन फुटांचा चौकोनी साचा. त्याच्या तळाशी कधी गोणपाट, कधी ताडाची चटई, कधी इडलीचं ओलं फडकं अंथरायचं. वर पांढरं सिमेंट, संगमरवराचा चुरा, गारगोटीची कच, चिमूटभर अभ्रक. मागे राखेचा थर. मग साचा थरथरणाऱ्या टेबलावर ठेवायचा, म्हणजे आतली हवा बुडबुड करत वर येते. दुसऱ्या दिवशी पॅनेल उपडं करून फडकं सोललं की त्याची वीण दगडात राहिलेली असते. नंतर दहा दिवस पाण्याच्या टाकीत. प्रत्येक पॅनेलवर मामा स्वतः चालून बघतात. पसंत पडलं नाही तर हातोडा.

शेडमध्ये बसायला एक खुर्ची आहे, पण तिच्यावर कायम साचे वाळत असतात, कारण मामा बसत नाहीत. दहीभात सुद्धा डबा हातात घेऊन फेऱ्या मारत खातात. फोनवर बोलताना फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. दोन वाक्यं माझ्याशी, मध्येच उठून टाकीतलं पाणी बघणार, तिसरं वाक्य टाकीला सांगणार. त्यांच्यासोबत तासभर उभं राहिलं की माझेच पाय दुखतात. आणि माणसाचा चेहरा त्यांना लक्षात राहत नाही, टाच राहते. मी एकदा डोक्याला ओढणी गुंडाळून गेले तर त्यांनी माझ्या पायांकडे बघून विचारलं, “उजवी टाच फार झिजवतेस. कोठें पळतेस एवढी?”

त्यांच्याकडे जायचा एक नियम होता. सातच्या आधी यायचं नाही. मामा पहाटे चारला उठतात हे सगळ्या गल्लीला माहीत, पण शेडचं फाटक सातलाच उघडणार. मी सातला पोचायचे तेव्हा मामींनी सडा टाकून दारात काढलेलं कोलम वाळत असायचं. कोलम म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. फरक इतकाच, की तिथे ठिपक्यांना वळसे घालत जाणारी रेघ न तुटता फिरून पहिल्या जागी यावी लागते. मामी म्हणजे मामांच्या पत्नी. कमी बोलायच्या, माझ्याकडे बघून गोड हसायच्या आणि दर वेळी मी कुठली ते विचारायच्या. बार्शी सांगितलं की म्हणायच्या, “लांब आहे.” पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला वाटायचं, मोठ्या माणसांना बोलायला काहीतरी निमित्त लागतं. आणि मामांच्या बोटांना सकाळी सातला पांढरी पूड लागलेली असायची, त्यात मला काय नवल? दिवसभर चुऱ्यात हात असणारा माणूस.

बावन्न पॅनेल्स झोकात झाली. मग काम थांबलं.

मी गेले तर थरथरणाऱ्या टेबलावर भलतंच एक पॅनेल. करडं, साधं, आणि त्यावर मसुरीएवढे उंचवटे. मी मोजले: मधल्या ओळीत सात, वर-खाली पाच, तीन, एक. एकूण पंचवीस. मी विचारलं तर म्हणाले, “तें तुझ्या ऑर्डराचें नव्हे.” चार दिवसांनी गेले, तर ते फोडून टाकलेलं आणि टेबलावर तसंच दुसरं. पुढच्या खेपेला तिसरं. कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग वाढत होता, माझी आठ पॅनेल्स तशीच राहिली होती, आणि उद्घाटन जवळ येत होतं. मामा एरवी चालायचे, आता धावायचे. घरात जायचे, बाहेर यायचे, एक उंचवटा बोटाने चाचपायचे, डोकं हलवायचे आणि हातोडा.

मी इंजिनिअर आहे. उंचवट्यांची फरशी कुठे लागते हे मला कळतं. मेट्रोच्या फलाटावर, ज्यांना दिसत नाही त्यांच्या पायांना कडा कळावी म्हणून. मामांनी माझं काम अर्धवट ठेवून मोठं सरकारी काम धरलंय, असा माझा हिशेब झाला आणि मी तो तोंडावर सांगितला. म्हटलं, मामा, तुमच्यासाठी मी साहेबांशी भांडले. तुम्हाला मेट्रो मिळाली म्हणून मला रस्त्यावर सोडता? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर वाईट वाटलं नसतं.

मला वाटलं, चिडतील. ते उभे राहिले. नुसते उभे, एका जागी. हे मी पहिल्यांदा बघत होते. मग म्हणाले, “मेट्रोच समज. थोडें थांब.” आणि टाकीकडे गेले.

थांबायला माझ्याकडे दिवस नव्हते. साहेबांनी त्या संध्याकाळी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, उद्या तयार बावन्न उचल, उरलेल्या जागी बाजारची टाइल लाव, आणि त्या माणसाचं काम रद्द. आमच्याकडचा टेम्पो आठला येणार होता. रात्रभर मला झोप नाही. रद्द झालं हे मामांना टेम्पोवाल्याकडून कळावं हे मला पटेना. जे सांगायचं ते समोर जाऊन सांगायचं, हे मी वडिलांकडून शिकले. पहिली बस धरली आणि पावणेसहाला, नियम मोडून, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले.

दारासमोर मामी बसल्या होत्या. मामा त्यांच्या मागे उभे होते, तोंडात दातांचा ब्रश, पण ब्रश हलत नव्हता. मी खांबापाशीच थांबले.

उंबऱ्यापुढच्या जमिनीत ते करडं पॅनेल बसवलेलं होतं. मामी उजव्या हातात पूड घेऊन डाव्या हाताचं बोट फरशीवरून फिरवत होत्या. बोट अडकलं की तिथे चिमूट सोडायच्या. पुढे सरकायचं, अडकलं की चिमूट. पंचवीस ठिपके झाले. मग त्या थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या, आणि हाताला एकदम आठवल्यासारखी रेघ सुरू झाली. वळसा, उलटा वळसा, कडेने वर, मधून खाली.

मामांनी मला पाहिलं. जवळ आले. ओरडतील असं वाटलं होतं, पण हळू आवाजात सांगत राहिले, डोळे मामींकडेच. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात, मामींचं एकवीस ओळींचं कोलम बघायला पलीकडच्या गल्लीतून बायका यायच्या. गेल्या वर्षापासून ठिपक्यांची मोजणी चुकायला लागली. ठिपका चुकला की रेघ मिटत नाही, आणि रेघ मिटली नाही की मामी दारात बसून राहतात, दिवस सुरू झाला हे त्यांना पटतच नाही. म्हणून सातच्या आत मामा पूड घेऊन गुपचूप ठिपके सरकवायचे. ते एकदा मामींना दिसलं. दोन दिवस त्या बाहेर आल्या नाहीत.

“अशीं आठ फोडलीं,” मामा म्हणाले. “ठिपका उंच झाला तर तिच्या पायाला ठेच. बुटका झाला तर बोटाला सांपडेना. हें पायाला विचारून होत नाहीं, अम्मा. बोटाला विचारावें लागतें. आणि बोट तिचें.”

मला सुचलं ते मी बोलून गेले. माझी सवयच आहे. म्हटलं, एवढी मेहनत घेतलीत तर सगळी रेघच कोरून टाकायची ना मामा. कायमची. चुकायचा प्रश्नच नाही.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वाळू जिभेवर ठेवताना पाहिलं होतं.

“मग ती सकाळीं काय करील?”

टेम्पो आठला आला आणि बावन्न पॅनेल्स घेऊन गेला. काम रद्द झाल्याचं मी मामांना सांगितलंच नाही, आणि बाजारची टाइलही लावली नाही. साहेबांना सांगितलं, टेबल आजच रिकामं झालंय, आठ पॅनेल्स उशिरा येतील, जबाबदारी माझी. उद्घाटनाला त्या आठ जागांवर कुंड्या आणि एक सतरंजी होती, आणि पाहुणे नेमके सतरंजीवरच उभे राहिले. पुढचं काम मला मिळालं नाही. सध्या मी नकाशे काढते. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, उंचवटा नेमका किती ठेवला?

पण हे सगळं पुढचं; टेम्पो यायच्या आधीची ती सकाळ अजून संपायची होती. मामींची रेघ शेवटच्या ठिपक्याला वळसा घालून निघाली, जरा थबकली, आणि जिथून निघाली होती तिथे येऊन मिटली. मामी कमरेवर हात ठेवून उठल्या. कोलमकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कुठली ते विचारलं. बार्शी, म्हटलं. “लांब आहे,” त्या म्हणाल्या. “ये. पण कडेनें ये, ओलें आहे.”

मी कडेने गेले. माझ्यामागून मामा आले. या शहरातल्या एकाही फरशीवर पाय ठेवल्याशिवाय न राहणारा हा माणूस, दोन्ही हातांनी भिंत धरून, पावलं आडवी टाकत, त्या पॅनेलला वळसा घालून घरात गेला. आणि आत जाऊन, घरातल्या एकुलत्या एका खाटेवर, बसला.