तेवढी जागा बघ

डेल्मर व्रूमन बढाया मारतो असं गावात कुणी म्हटलं की त्याला खरंच वाईट वाटे. आपण फक्त माहिती देतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तेहेतीस वर्षं त्याने मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात काढली होती आणि निवृत्त झाल्यावर गावातल्या जुन्या गाड्यांचे रंग उजळून द्यायचं काम अंगावर घेतलं होतं. पैसे घेत नसे. त्याचं बोलणं संपेपर्यंत समोरच्याने उभं राहायचं, एवढीच अट. "पॉलिशच्या बाटलीवर दहा वर्षं लिहिलेलं असलं, तर माझ्या हातून ते बारा वर्षं टिकतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. कसं काय टिकतं, हे त्याला विचारू नये एवढी अक्कल मिशिगनमधल्या त्या लहानशा गावात शाळकरी पोरांनाही होती.

जुलैच्या शेवटी आर्डिस लिंडाल रुबार्ब-पाय हा घरी भाजलेला गोड पदार्थ घेऊन त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा काम असणार हे त्याने ओळखलं. दोन घरं पलीकडे राहणारी आर्डिस उगाच कुणाकडे जाणारी बाई नव्हती. तिचा नवरा रोलंड मागच्या ऑक्टोबरमध्ये वारला. तोही त्याच कारखान्यातला, जुळणीखात्यातला, आणि डेल्मरचा पत्ते खेळायचा जोडीदार. त्याचा सहासष्ट सालचा फिकट हिरवा पिकअप ट्रक तेव्हापासून गॅरेजमध्ये उभा होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी गावातले लोक आपापल्या जुन्या गाड्या मेन स्ट्रीटवर आणून लावतात, मागे घडीच्या खुर्च्या टाकतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या गाड्यांची तारीफ करत बसतात. हार्डवेअरच्या दुकानासमोरची जागा रोलंडची. एकोणीस वर्षं तिथे दुसऱ्या कुणी गाडी लावली नव्हती. यंदा ट्रक आपण स्वतः चालवत नेऊन तिथे लावायचा, असं आर्डिसने ठरवलं होतं. रोलंडचा ट्रक धुळकट, डाग पडलेला असा चारचौघांत न्यायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

डेल्मरने तिला तीन प्रकारची पॉलिशं आणि दोन प्रकारची वॅक्सं समजावून सांगितली. तिने ती ऐकून घेतली. निघताना ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "आणि डेल्मर, चालकाच्या दारावर, काचेखाली ती जागा आहे ना, तेवढी बघ."

"बघतो," डेल्मर म्हणाला.

सगळा घोटाळा इथे झाला. पण त्या वेळी दोघांनाही आपलं बोलणं अगदी स्वच्छ वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून डेल्मर रोज आर्डिसच्या गॅरेजमध्ये जाऊ लागला. आधी त्याने ट्रक धुतला. मग रंगात रुतलेली बारीक कच गाड्यांसाठी मिळणाऱ्या खास मातीच्या गोळ्याने ओढून काढली. मग मागच्या फळीवर टेपने तीन चौकोन आखले आणि जाड, मध्यम आणि बारीक अशी तिन्ही पॉलिशं एकेका चौकोनात लावून तो स्टुलावर बसून राहिला. चष्मा लावून पाही, काढून पाही, टॉर्च आडवा धरून पाही. शेवटी त्याने मध्यम निवडलं, आणि हा निर्णय आर्डिसच्या स्वयंपाकघरात जाऊन तिला गंभीरपणे कळवला.

खरा वाद झाला तो पॉलिशनंतर वर काय लावायचं यावरून. गस हा त्याचा जुना मित्र. आयुष्यभर डबीतलं पिवळं मऊ वॅक्स वापरणारा आणि त्यावर कुणाचं ऐकून न घेणारा. तो मुद्दाम बघायला आला.

"जुन्या रंगाला मऊच वॅक्स लाव," गस म्हणाला. "दोन-तीन महिन्यांत उतरतं, मग पुन्हा लावायचं. रंगाला माणसाचा हात लागत राहतो."

"आणि दर दोन महिन्यांनी आर्डिसने या वयात गाडी घासत बसायचं?" डेल्मर म्हणाला. त्याने खिशातून एक छोटी बाटली काढून गसच्या नाकासमोर धरली. काचेसारखा कडक होणारा लेप होता तो. एकदा लावला की ऊन, पाऊस, रस्त्यावरचं मीठ, कशाचंच काही चालणार नाही. बाटलीवर लिहिलं होतं, दहा वर्षं. पुढचं वाक्य गसला पाठ होतं, म्हणून त्याने टोपी घातली आणि तो निघाला. जाताना चालकाच्या दाराकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हे पण करणार आहेस? तिला विचारलंस का?"

"तिनेच तर सांगितलंय," डेल्मर म्हणाला. आणि ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी आर्डिस कॉफी घेऊन गॅरेजमध्ये आली आणि दारातच थबकली. डेल्मरच्या हातातलं फडकं हिरवंगार झालं होतं. ट्रकचा रंगच पुसून निघाला असं तिला वाटलं, आणि तसं वाटलं तर तिचं काही चुकत नव्हतं. डेल्मरने तिला धीर दिला. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, या जुन्या गाड्यांवर नसतो, म्हणून फडक्याला रंग येतो. "हे नुसतं वरचं मेलेलं कातडं आहे, आर्डिस. खाली रंग जिवंत आहे." आपण कुणापुढे काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा शब्द तोंडातून गेले होते. आर्डिसने कॉफी त्याच्या स्टुलावर ठेवली. मग म्हणाली की तुला कळतं त्यातलं, तू कर. ती ट्रकच्या अलीकडच्या बाजूला उभी होती. चालकाचं दार पलीकडे, भिंतीच्या बाजूला होतं.

त्या दारावर डेल्मरने चार दिवस घालवले. काचेखाली तळहाताएवढ्या जागेवरचा हिरवा रंग पार गेला होता. कडेला रंगाखालच्या अस्तराचा करडा रंग दिसत होता आणि मधोमध पत्रा, गुळगुळीत झालेला. रोलंडसारख्या टापटिपीच्या माणसाने हे असं कसं राहू दिलं, याचं डेल्मरला नवल वाटलं. काच खाली करून, डावा हात दारावर टाकून रोलंडला जाताना त्याने हजार वेळा पाहिलं होतं. पण तेव्हाही त्याने हात पाहिला नव्हता. तो गाडीचा रंग पाहत होता. त्याने रंगाच्या नंबरावरून नेमका तोच हिरवा रंग मिळवला, बारीक ब्रशने थरावर थर दिले, पाण्यात भिजवलेल्या खरखरीत कागदाने घासले, पॉलिश केले आणि वरून तो कडक लेप चढवला. शेवटी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. जागा कुठे होती ते त्याचं त्यालाही सापडलं नाही. इतकं चांगलं काम आपण आयुष्यात केलं नाही असं त्याला वाटलं, आणि रोलंडसाठी केलं म्हणून त्याचे डोळे थोडे भरूनही आले.

शनिवारी पहाटे डेल्मरनेच ट्रक मेन स्ट्रीटवर नेऊन लावला आणि त्यावर मऊ चादर घातली. स्वतः चालवत न्यायचं आर्डिसने ठरवलं होतं खरं. पण लोकांसमोर चादर काढायची हौस त्याला होती, आणि ती नाकारायचं आर्डिसच्या जिवावर आलं. ती मागून चालत आली. तोवर हार्डवेअरच्या दुकानासमोर गर्दी जमली होती. चादर निघाली तेव्हा टाळ्या झाल्या. ट्रक कारखान्यातून निघाला त्या दिवशीही इतका छान दिसला नसेल, असं कुणीसं म्हणालं. आयोजकांपैकी एका बाईंनी उत्तम चकाकीच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत आणून आरशाला बांधून टाकली.

आर्डिस हसतमुखाने ट्रकला एक फेरी मारून चालकाच्या दारापाशी आली. तिने न बघता, सवयीने, काचेखाली तळहात टेकला. हात घसरला. तिने पुन्हा टेकला.

"कुठे गेली?" तिने विचारलं.

डेल्मरला ही दाद वाटली. "सापडणारच नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला सापडत नाही, तर तुला काय सापडणार."

"रोलंडचा हात होता तिथे," आर्डिस म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. रोलंड गेल्यापासून आपण रोज सकाळी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये जातो आणि त्या जागेवर हात ठेवून थोडा वेळ उभं राहतो, हे तिने गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. ते आता तिने सगळ्यांसमोर सांगितलं. डेल्मरने काम संपेपर्यंत त्या दारावर कागद चिकटवून ठेवला होता, म्हणून गेले काही दिवस तिला ते जमलं नव्हतं, इतकंच.

डेल्मरने हातातली चादर खाली ठेवली. "तू म्हणालीस, तेवढी जागा बघ."

"सांभाळ, या अर्थी बघ म्हणाले," आर्डिस म्हणाली. "बघायला डोळे लागतात, डेल्मर. रंग कशाला लागतो?"

मग ती ट्रकमध्ये जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उतरली नाही. लोक येऊन निळ्या फितीबद्दल अभिनंदन करत होते आणि ती प्रत्येकाचे आभार मानत होती. डेल्मर मागे घडीच्या खुर्चीवर बसून होता. त्याने त्या दिवशी कुणालाही काहीही माहिती दिली नाही.

सोमवारी सकाळी तो खरखरीत कागद घेऊन तिच्याकडे गेला. नवा रंग घासून पत्रा पूर्वीसारखा उघडा करून देतो, असं त्याने सांगितलं. आर्डिसने कागद त्याच्या हातातून काढून घेतला. कागदाने केलेली ती डेल्मरची जागा होईल, तिला ती नको होती. "रंग हाताने गेला होता," ती म्हणाली. "हातानेच जाऊ दे. रविवारी नऊला ये."

तेव्हापासून दर रविवारी डेल्मर तो ट्रक नदीकाठच्या रस्त्याने पॅनकेकच्या दुकानापर्यंत चालवत नेतो आणि परत आणतो. काच खाली, डावा हात दारावर. शेजारी आर्डिस बसते आणि रोलंडला टोकायची तसं त्याला वेगावरून टोकते. हात आत घेतला तर लगेच तिच्या लक्षात येतं. फुटपाथवरून गस टोपी काढून दोघांना अभिवादन करतो. मऊ वॅक्सबद्दल तो अजून एक शब्द बोललेला नाही, आणि डेल्मरला तेच सहन होत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बर्फ भुरभुरत होतं. निघण्याआधी आर्डिसने नेहमीप्रमाणे काचेखाली तळहात फिरवला. लेप जसाच्या तसा होता. वर पडलेलं बर्फसुद्धा टिकत नव्हतं, घसरून खाली जात होतं.

"बाटलीवर किती वर्षं लिहिलं होतं?" तिने आत बसत विचारलं.

"दहा."

आर्डिसने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मी ब्याऐंशीची होईपर्यंत तुला सुटका नाही, आणि मलाही मरायची सोय नाही." ती थोडी हसली. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर, म्हणजे रोलंड गेल्यापासून, तिला असं हसताना डेल्मरने पहिल्यांदाच पाहिलं.

आपल्या हातून ते बारा वर्षं टिकतं, हे सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. त्याने ते मिटलं, दांडी फिरवून काच खाली केली आणि हात बाहेर ठेवला.