मांजराचा पाट

पेणमधले आमचे शेजारी तात्या मांजराचं पिल्लू ठरवायला धरमतरला गेले, तेही काखेत पाट मारून. आमच्याकडे गणपती ठरवायचा म्हणजे कारखान्यात आपल्या नावाचा पाट ठेवून यायचा, अशी रीत. तात्यांनी जन्मभर गणपतीचे डोळे रंगवले, त्यामुळे दुसरी रीत त्यांना ठाऊकच नाही. पिल्लांची मालकीण ताराबाई चक्रावली.

"तात्या, मांजर हाय, गणपती नाय!"

"असू दे गो. मागं नाव लिवलंय. नायतर दुसऱ्या कुणाला देशील."

तात्यांचं पालुपदच आहे, "पाहुणा मागाहून, पाट आधी." मग काय, मी मोबाइलवरून मांजराच्या सामानाची यादी वाचायची आणि त्यांनी शंका काढायच्या.

"शी-शूसाठी ट्रे आणि वाळू."

"खाडीची चालंल?"

"नखं घासायला खांब."

मूर्तीत घालायचा काथ्या त्यांनी स्टुलाच्या पायाला गुंडाळला. पिल्लू आणण्यासाठी टोपली काढली आणि वर नवाकोरा रुमाल, कारण गणपतीसारखं तोंड झाकल्याशिवाय घरी आणायचं नाही!

मांजराच्या खाण्याच्या दुकानात मात्र मी पुरती गोंधळले. तात्यांनी बोटं मोजली आणि रोजची एक धरून पाचच पुड्या घेतल्या.

"पाचच?"

"पाच दिवसांचंच ना?"

"तात्या, मांजर कायमचं असतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच चुकतेय की काय, असं मला वाटलं.

घरी येताना उलगडा झाला. काकी, म्हणजे त्यांची बायको, वारल्यापासून तात्या घरात एकटेच. वर्षातून एकदा गणपती येतो आणि त्याच्यासोबत पुण्याचा मुलगा, सून, नात. पाच दिवस घर नुसतं दणाणतं. सहाव्या दिवशी तात्या एकटेच पाट धुऊन माळ्यावर ठेवतात. मला फार वाईट वाटलं.

पिल्लू आलं. मांडलेला पाट सोडून टोपलीतल्या रुमालावरच झोपलं. पाच दिवस तात्यांनी त्याला गोडधोडसुद्धा दाखवलं, त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात. हातात रिकामी वाटी.

"अगो, पिल्लू हाय अजून. गेलं नाय."

"मग?"

"मग आता काय करायचं असतं? यादीत बघ ना."

मी मोबाइल उघडला. डोळे भरून आले होते, अक्षरंच दिसेनात.

"आणखी पुड्या आणायच्या, तात्या."

"किती?" त्यांनी विचारलं. बोटं मोजायला हात वर केला, तो तसाच राहिला.